व्याह्यांचा हात

दोन हजार बावीस साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि अंगाला हात लावल्याबिगर न बोलणारा अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच माणूस होता. तो नेमका माझा व्याही निघाला. एसटीत चढायच्या आधी ते एसटीला थोपटायचे. कोल्हारच्या डॉक्टरानं त्यांची नाडी धरली, तर ह्यांनी त्याच्याच पाठीवर हात ठेवला. "डाक्टर, दम वर अडकलाय तुमचा. बसा जरा." डॉक्टर बसला. बाहेर पेशंटांची रांग.

बुजलेले बैल माणसात आणायचं त्यांचं काम. त्या वर्षी मीच बुजलो होतो. विहिरीचा काठ ढासळून अर्धा दिवस छातीएवढ्या गाळात अडकलो. हाड मोडलं नाही, पण नंतर मागून कुणी शिवलं की माझा हात आपोआप उठायचा. बायकोनं मागून माझ्या अंगावर घोंगडी घातली, तर तिला लागलं. ती रागावली नाही. तेव्हापासून चहा माझा हात पोचणार नाही इतका लांब ओट्यावर ठेवायची, खाकरायची आणि आत जायची. मी भिंतीला पाठ लावून बसायचो. भ्यालोय म्हणून सांगणाऱ्यातला मी नव्हे.

हे ऐकून व्याही आले. दुसरा कुणी असता तर हाकलला असता. पण मुलीच्या सासऱ्याला नाही म्हणायची आपल्यात सोय नाही. ते आठ दिवस राहिले. रोज मला नांगरटीत अनवाणी उभं करायचे, मग मला दिसेल असं शेजारी बसून विचारायचे, "हात ठेवू का?"

"बैलाला विचारता का?"

"बैल कान हलवतो. तुमचं कान हलत न्हाईत, म्हणून इचारतो."

हात ठेवायचे, लगेच उचलायचे. पाचव्या दिवशी माझं अंग लटलटा कापायला लागलं. मी दाबून धरलं.

"दाबू नका पाव्हणं. बैल अंग झाडून मोकळा हुतो. माणूसच लाजतो."

मग मी कापलो, मनसोक्त.

आठव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली. "इहीणबाई, माझा हात उद्या जाणार. हितनं पुढं तुमचा."

ती माझ्यासमोर आली, मग सावकाश मागं गेली. "ठेवू का?" आवाज अगदी बारीक.

"ठेव."

तिनं पाठीवर हात ठेवला. माझे दोन्ही हात मांडीवरच राहिले. ज्वानीत मी पुष्कळ कुस्त्या मारल्या, पण असा फड कधी जिंकला नव्हता. तिनं हात काढला नाही, मी काढ म्हणालो नाही.

सकाळी व्याही पहिल्या एसटीनं गेले. एसटीला थोपटलं, मला मात्र लांबूनच नमस्कार केला. जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मी घरी आलो, भिंतीकडची बाज अंगणाच्या मधोमध ओढली, आणि स्वयंपाकघराकडं पाठ करून चहाची वाट बघत बसलो.