एकशे चोवीस बॉल

बाबामियाँ 'तयार आहे' म्हणाले की मुलगी सीनियर टीममध्ये जाणार, 'नाही' म्हणाले की नाही. आमच्या क्रिकेट क्लबात यावर कोणी वाद घालत नाही. मी घातला असता, पण माझं कोण ऐकतंय!

अल् घुब्र्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये ते पहिल्या मजल्यावर राहतात, आम्ही तिसऱ्या. मूळचे दापोलीकडचे, मस्कतला येऊन एकतीस वर्षं झाली. बिल्डिंग मटेरियलच्या गोदामात स्टोअरकीपर. आठवडाभर सिमेंट आणि पाइप, शुक्रवारी मैदान. आधी मुलांना शिकवायचे, गेली सहा वर्षं मुलींना शिकवतात. फुकट शिकवतात आणि वर खेकसतात.

त्यांची एक परीक्षा होती. ज्या मुलीला वर पाठवायचं तिला ज्युनियरच्या एका मॅचमध्ये सीमारेषेजवळ उभी करायची. बॅट नाही, बॉलिंग नाही, नुसती फील्डिंग, तीही जिथे बॉल फारसा येत नाही तिथे. बॉलर धावत निघाली की फील्डरने दोन-चार पावलं पुढे चालत यायचं असतं. कंटाळलेली पोर सात-आठ ओव्हर चालते, मग जागेवरच उभी राहते. बाबामियाँ खुर्ची टाकून तेवढंच बघायचे. पूर्वी एकदा नुसता हात चांगला बघून त्यांनी सोळा वर्षांच्या एका मुलीला वर धाडली होती. तिथे तिच्याकडून कॅच सुटला, मोठ्या बायका ओरडल्या, तिने पुन्हा बॉलला हात लावला नाही. तेव्हापासून ही परीक्षा. मला म्हणाले होते, बॉलिंग शिकवता येते सुचित्राताई, जागं राहणं शिकवता येत नाही.

मला हा सगळा आचरटपणा वाटायचा. पण यंदा आमच्या देविकाची बारावी झाली, आणि माझा जीव याच परीक्षेला टांगला गेला. इथल्या मुलांचं ठरलेलं असतं, बारावी झाली की भारतात कॉलेज. जूनमध्ये ती पुण्याला जाणार होती, मावशीकडे खोलीसुद्धा ठरली होती. ती म्हणाली, एक वर्ष द्या, मला सीनियर खेळायचंय. शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तोडगा काढला की बाबामियाँ हो म्हणाले तर एक वर्ष इथे, नाही म्हणाले तर मुकाट्याने पुणे. देविकाने लगेच मान डोलावली. मला 'नाही'च हवं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

आणि मार्चच्या शेवटी खुदेजाभाभी गेल्या.

बाबामियाँची बायको. हॉस्पिटलात तीन दिवस होत्या, तेवढंच. गुडघे दुखायचे म्हणून दर शुक्रवारी त्या मैदानाच्या कडेला गाडीतच बसायच्या, काच खाली करून, मांडीवर सुलेमानी चहाचा थर्मास. कोणती पोर कशी खेळते यावर बाबामियाँ त्यांचं मत विचारायचे नाहीत आणि त्या दिल्याशिवाय राहायच्या नाहीत. दफनाच्या दिवशी बाबामियाँच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. आठव्या दिवशी कामावर, दहाव्या दिवशी मैदानावर. मी डबा घेऊन जायचे, ते 'ठेवा' म्हणायचे, दुसऱ्या दिवशी अर्धा तसाच असायचा. काय हवं-नको विचारलं की म्हणायचे, काही कळत नाही ताई, दुखतही नाही. ते ऐकून मीच घाबरायचे.

देविकाची परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी झाली. सकाळी आठलाच ऊन भाजत होतं. मी तिला सोडून भाजीला गेले आणि मॅच संपल्यावर आणायला आले. तोंड लालबुंद, ओठ सुकलेले, वीस ओव्हर उन्हात उभी आणि बॉल आला फक्त दोनदा. माझं डोकंच फिरलं. तरातरा बाबामियाँकडे गेले आणि विचारलं, काय ते आत्ता सांगा. ते खुर्ची मिटत होते. "तयार आहे," म्हणाले, आणि गाडीकडे निघून गेले.

मी मनातून खचले. देविकाने उडी मारली नाही, हसली नाही, बॅग उचलून गाडीत जाऊन बसली. मला वाटलं दमली असेल.

टीमची यादी रविवारी जायची होती. शनिवारी संध्याकाळी बाबामियाँ आमच्या दारात. बसा म्हटलं तर बसले, पाणी दिलं तर पेला हातातच धरून राहिले. मग म्हणाले, "सुचित्राताई, मी काल खोटं बोललो. मी तुमच्या पोरीला बघितलंच नाही. डोळे उघडे होते, पण दिसत काही नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून तोंडाला आलं ते बोललो." वर्षाचा प्रश्न आहे, म्हणाले, शब्द परत घेतो, नाव काढायला सांगतो.

खरं सांगते, मला आनंद झाला. समोर बायको गेलेला माणूस बसलाय, आत माझी मुलगी आहे, आणि मला पुण्याची खोली दिसत होती. काही बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं.

देविका दारात उभी राहून ऐकत होती. तिचं मराठी अडखळतं, घाईत असली की इंग्लिशच येतं. पण ती मराठीतच बोलली. "मला माहितीये चाचा. तुमची खुर्ची गाडीकडे वळलेली होती. पहिल्या ओव्हरपासून."

"मग?"

"मग काय. मी प्रत्येक बॉलला चालले. एकशे चोवीस. चार वाइड होते."

बाबामियाँनी तिच्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. "माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही ताई," म्हणाले. "तुम्ही सांगा. पोर तयार आहे?"

अठरा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. देविका माझ्याकडे बघत होती, गयावया नाही, काही नाही. कोणी बघत नाही हे पहिल्या ओव्हरलाच कळलं होतं तिला. घरी येऊन तक्रारही केली नाही, रात्री जेवून गुपचूप झोपली. आणि मी आई असून मला वाटलं होतं की दमली असेल.

"तयार आहे," मी म्हणाले. पुण्याची खोली गेली, आणि त्या क्षणी मलाही काही वाटलं नाही.

"खलास, ठरलं मग," म्हणून बाबामियाँ उठले. आम्ही दोघी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. दोन पायऱ्या उतरून ते थांबले आणि मागे न बघता त्यांनी देविकाला विचारलं, तू लांबून बघत होतीस ना, गाडीत काय दिसत होतं गं?

"काही नाही चाचा," ती म्हणाली. "सीट रिकामी होती."

"हां," ते म्हणाले. "रिकामीच होती."

मग कठडा धरून ते तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले, मोठ्याने, वरचे-खालचे दरवाजे उघडेपर्यंत. देविका त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी त्यांना गप्प करायला गेले नाही.