अकरा नंबरची गोळी

मोठ्या सिस्टरची परीक्षा त्यांच्या सुनेनंच घेतली आणि सुनेनंच त्यांना नापास केलं, ही बातमी दवाखानाभर पसरायला लिफ्टच्या दोन फेऱ्या पुरल्या. कारण सोपं होतं. परीक्षेत रुग्ण म्हणून खाटेवर झोपवलेला माणूस लिफ्टवालाच होता.

पण आधी सिस्टरबद्दल. वय छप्पन्न. नोकरी चौतीस वर्षं, त्यातली एकतीस पुरुषांच्या वॉर्डात. तिथं तीस खाटा आणि चार पंखे, त्यातले तीन फिरणारे. नाडी बघायची तर पूर्ण एक मिनिट, हा त्यांचा नेम. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणाऱ्या मुलींकडे त्या बूट घालून अंथरुणात शिरणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नसत. आणखी एक मिनिट तसंच धरून, घड्याळाकडे बघत, त्या गुपचूप श्वास मोजत. माणसाला श्वास मोजतोय असं सांगितलं की तो लगेच फोटोला बसल्यासारखा श्वास घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरंही आहे. घरी जाऊन कुणावरही करून बघा.

त्या वर्षी वरून हुकूम आला की सगळ्या परिचारिकांची मूलभूत ज्ञानाची चाचणी होणार. चाळीस लेखी प्रश्न, एक प्रात्यक्षिक, थोडी तोंडी. रुग्णाची तपासणी कशी करायची आणि औषध सुरक्षित कसं द्यायचं, एवढाच विषय. जी नापास होईल तिला पुन्हा एक संधी, आणि तरीही घोडं अडलं तर कपड्यांच्या कोठारात बदली. कोठार तळघरात. तिथं दिवसभर चादरी घड्या घालून ठेवायच्या आणि चादरींना नाडी नसते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं वॉर्डातच जावीत, याखेरीज सिस्टरना आयुष्याकडून काही नको होतं. तसं त्यांनी घरी बोलूनही दाखवलं होतं, आणि नेमकी तेव्हा सून भांडी विसळत होती.

सून त्याच दवाखान्यात प्रशिक्षण विभागात होती. चाचणी तिच्याकडेच. घरात तिनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, सासूनंही विचारलं नाही. सासरे मात्र उत्साहात होते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, म्हणून प्रश्नसंच हातात आल्यावर त्यांना हुरूप चढला.

"अगं, ऐक. रुग्णाचा श्वास अचानक वाढला. प्रथम काय कराल? अ, डॉक्टरांना फोन. ब, रुग्णाला उठवून बसवाल. क, नातेवाइकांना बाहेर काढाल."

"ब. आणि मग क."

"एकच निवडायचाय."

"अहो, तुम्ही त्या नातेवाइकांना पाहिलं नाही."

लेखी परीक्षेत त्यांना चाळीसपैकी सदतीस मिळाले. गेलेल्या तीन गुणांपैकी दोन त्यांनी वाद घालायचा म्हणून घालवले होते.

प्रात्यक्षिकासाठी लिफ्टवाल्याला दवाखान्याचे कपडे घालून खाटेवर झोपवला होता. एकवीस वर्षं तो सिस्टरना वर-खाली नेत होता, त्याच्या दोन्ही मुलींच्या तापाला औषध सिस्टरनी सांगितलं होतं. मनगटाला रुग्णाची पट्टी आणि चेहऱ्यावर असा काही कण्हणारा भाव, की खऱ्या रुग्णांनी शिकून घ्यावा. सिस्टरनी हात धुतले. नाडी एक मिनिट मोजली, श्वास एक मिनिट मोजला, रक्तदाब घेतला. कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठते का, ते विचारलं. कागद वाचला, बाटली वाचली, पुन्हा कागद वाचला. औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर. गोळी म्हणजे पेपरमिंट होती. ती त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं, गिळेपर्यंत उभ्या राहिल्या. सगळं असं झोकात, की बघायला आलेल्या नव्या मुली वहीत लिहून घेत होत्या.

सुनेनं तक्त्याच्या सर्वांत वरच्या ओळीत फुली मारली.

"सिस्टर, तुम्ही नाव विचारलं नाहीत. पट्टीही वाचली नाहीत."

सिस्टरनी वाकून पट्टी वाचली. त्यावर भलत्याच माणसाचं नाव होतं, वयही चौऱ्याऐंशी.

"अहो पण सिस्टर मला ओळखतात!" लिफ्टवाला तटकन उठून बसला. "एकवीस वर्षं ओळखतात! मलाच माझं नाव विचारायचं म्हणजे..."

"झोपा तुम्ही," सून म्हणाली. "तुम्हाला ताप आहे."

वरच्या ओळीतली फुली म्हणजे बाकी सगळं बरोबर असलं तरी नापास. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं आणि तोवर औषधांच्या गाडीला हात लावायचा नाही.

संध्याकाळी घरात जेवणं झाली ती भांड्यांच्या आवाजात. शेवटी सासऱ्यांना राहवलं नाही. "हा म्हणजे घरचा आहेर झाला," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "एक टिक मारली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"बरोबर केलं तिनं," सिस्टर म्हणाल्या.

सून चमकली. सासूनं आपली बाजू घ्यावी, याची तिला सवय नव्हती. ती पाण्याचा तांब्या घेऊन उगाच आत गेली.

सुनेचं बरोबर होतं, हे सिस्टरना त्या दिवशी नाही, बावीस वर्षं आधी कळलं होतं. त्याचं असं झालं. तेव्हा वॉर्डात माणसांना नावानं कुणी हाक मारत नसे. पाच नंबरला सुई, नऊ नंबरला गोळी, असा कारभार. अकरा नंबरवर रक्तदाबाचा जुना रुग्ण होता, त्याला गोळी जबर. बारा नंबरवर एक पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, छातीत कफ साठला म्हणून आलेला. अकराच्या डोक्यावरचा पंखा चालायचा, बाराचा बंद. पेंटरला उकडायचं, अकराला हुडहुडी भरायची. दोघांनी सकाळी आपसात समझोता करून खाटा बदलल्या, आपापल्या उशाही आठवणीनं नेल्या. सिस्टरना सांगायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही. नऊ वाजता त्यांनी अकरा नंबरची गोळी अकरा नंबरला दिली.

दहा वाजता पेंटर उठून मोरीकडे निघाला आणि वाटेतच कोसळला. रक्तदाब ऐंशी. सिस्टरनी त्याला आडवा केला, पाय उंच धरले, डॉक्टरांना हाक मारली, दर पाच मिनिटांनी रक्तदाब घेतला, जेवायलाही गेल्या नाहीत. खाटा बदलल्याचं त्यांना साडेदहाला कळलं, उशीवरच्या तेलाच्या डागावरून. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. त्यांनी उघडलं नाही. पोर लहान होतं, नोकरी जायची धास्ती होती, मोठे डॉक्टर तापट होते, असली कारणं हवी तेवढी सापडतात. संध्याकाळपर्यंत पेंटर ठणठणीत झाला. पण डॉक्टर कारण शोधत बसले. दोन दिवसांत चार वेळा रक्त काढलं, आणि चारही वेळा पेंटरचा दंड सिस्टरनी धरला होता. जे कारण काचेच्या नळीत शोधत होते, ते त्यांच्या शेजारी उभं होतं. घरी सोडताना कागदावर लिहिलं गेलं, 'कारण सापडलं नाही. दर वर्षी तपासणी करावी.'

आणि पेंटर दर वर्षी येत राहिला. येताना सिस्टरसाठी फुलं आणायचा. "तुम्ही नसता तर मी मेलोच होतो," असं तो चारचौघांत सांगायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याचं डोकं कॉरिडॉरच्या टोकाला दिसलं की सिस्टर चादरी आणायला निघून जायच्या. फुलं दुसरी एखादी मुलगी फुलदाणीत लावायची.

पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी. रुग्ण म्हणून पुन्हा लिफ्टवालाच, कारण आता तो अनुभवी होता. या वेळी मेट्रनबाईही खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं अपमान गिळून नाव सांगितलं. वडिलांचंही सांगितलं, जन्मतारीख सांगितली, आणि न विचारता मुली किती तेही सांगितलं. पट्टीवर दुसरंच नाव होतं. सिस्टरनी पेपरमिंट परत वाटीत ठेवलं.

"ही गोळी तुमची नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकाएकी बसला. मेट्रनबाईंना वाटलं, सर्दी.

वरच्या ओळीत टिक झाली. सुनेचा खांदा खाली आला. इतका वेळ तो वर होता, हे तेव्हा कळलं. तोंडी प्रश्न तीनच होते, शेवटचा तिनं कागदावरून वाचला.

"औषध चुकीच्या रुग्णाला दिलं गेलं, पण रुग्णाला फारसं काही झालं नाही. काय कराल?"

"आधी रुग्ण बघायचा. डॉक्टरांना लगेच सांगायचं. घटनेचा फॉर्म भरायचा. रुग्णालाही सांगायचं."

"बरोबर," सून म्हणाली आणि टिक करायला लागली. कोठार टळलं होतं. सिस्टरनी नुसतं उठून यायचं होतं.

"उत्तर बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी तसं केलं नव्हतं."

"सिस्टर, हा प्रश्न कल्पनेतला आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"नाही, बारा नंबरचा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उशा, पंखा, ऐंशी, चार वेळा काढलेलं रक्त. लिफ्टवाला रुग्णाच्या कपड्यांत चादर हनुवटीपर्यंत ओढून पडून होता. ही बातमी मात्र त्यानं आजतागायत कुणाला सांगितलेली नाही.

सुनेनं खण उघडून एक कोरा फॉर्म टेबलावर ठेवला.

"अगं, बावीस वर्षांपूर्वी हा फॉर्मच नव्हता," मेट्रनबाई कुजबुजल्या.

"आता आहे," सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण फॉर्म तिनं सरळ ठेवला.

सिस्टरनी सुवाच्य अक्षरात भरायला घेतला. घटनेची वेळ, सकाळी नऊ. कळवायला उशीर झाल्यास कारण, भीती. रुग्णाचं झालेलं नुकसान, काही नाही. रुग्णाला सांगितलं का, नाही. या शेवटच्या रकान्यात 'नाही' असलं की फॉर्म पुरा होत नाही, आणि फॉर्म पुरा होईतो औषधांची गाडी मिळत नाही. मेट्रनबाईंनी आणखी एक आठवडा दिला. सांगताना साक्षीदार लागतो, तोही नियमातच होता.

"काय गरज आहे?" घरी सासरे म्हणाले. "तो माणूस तुला देव मानतो."

"म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या.

रविवारी सासू-सून पेंटरकडे गेल्या. तळमजल्यावर एक खोली, पुढे अंगण. अंगणात अर्ध्या रंगवलेल्या लहान लहान पाट्या वाळत होत्या. भिंतीला दोन खुंट्या ठोकून त्यावर एक लांबलचक शिडी आडवी ठेवलेली आणि तिच्यावर धुणं वाळत घातलेलं. पेंटर आता सत्तरीच्या पुढे गेला होता. सिस्टरना दारात पाहून त्याला कुठं बसवू आणि कुठं नको, असं झालं.

सिस्टरनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसलं की जीभ जड होते, हे त्यांना वॉर्डात ठाऊक झालं होतं.

पेंटरनं सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे गोळी अकराची होती?"

"हो."

"मला काही झालेलंच नव्हतं?"

"छातीत कफ होता, तो गेला. बाकी तुम्ही धडधाकट होतात."

त्यानं शिडीकडे बघितलं. सुनेनं पदर उगाच सारखा केला.

"डॉक्टर म्हणाले होते, कारण सापडत नाही, तेव्हा परत कधीही चक्कर येईल. उंचावर चढू नका," पेंटर म्हणाला. "त्याआधी मी सगळी मोठी कामं करायचो. तीन-तीन मजल्यांची नावं. खालनं माणसं मान वर करून बघायची. त्यानंतर नाही चढलो. फाटकं रंगवली, गाड्यांचे नंबर रंगवले, या पाट्या. जमिनीवर बसून जे होतं ते." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर सिस्टरना सोपं गेलं असतं. "दर वर्षी तपासायला यायचो, ते एवढंच विचारायला, की आता चढू का. ते म्हणायचे, कारण कुठं सापडलंय."

सिस्टरना रडू आलं. चौतीस वर्षांत कुठल्याही रुग्णासमोर आलं नव्हतं, ते आलं आणि थांबेना. पेंटरनंच त्यांना पाणी दिलं.

त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत तो थांबला. मग लहान मुलानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मग सिस्टर, आता चढू का?"

सिस्टरनी भांडं खाली ठेवलं. त्याचा हात हातात घेतला, घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण मिनिट मोजलं. नाडी अडखळत होती, दर सात-आठ ठोक्यांमागे एक गळत होता. या वेळी त्यांनी खरं ते लगेच सांगितलं.

"आता नको," त्या म्हणाल्या. "नाडी चुकतेय. आता वय झालं."

घरी आल्यावर सुनेनं न बोलता फॉर्म पुढे केला. शेवटच्या रकान्यातलं 'नाही' खोडून सिस्टरनी 'हो' लिहिलं. त्यानं फॉर्म पुरा झाला, उद्यापासून औषधांची गाडी त्यांची होती. पण त्यांनी पेन टोपणात घातलं नाही. वरच्या 'नुकसान' या रकान्यातलं 'काही नाही' त्यांनी एका सरळ रेघेनं खोडलं. तिथं जागा एकाच ओळीची होती, म्हणून त्यांनी कागद उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसल्या.