शेहेचाळीस चेहऱ्यांचं पिंप

टँटी युट्रिसला पिंप भरताना बघितलं की वाटतं, नोहाच्या नावेत सामान लावायला ही असती, तर आणखी दोन हत्ती सहज बसले असते. कॅरिबियनमधलं कॅरिआकू बेट सोडून ब्रुकलिनला आलेल्या आम्हा सगळ्यांची ती टँटी, म्हणजे मावशी. चाळीस वर्षं तिने परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या आणि दर नाताळाला बेटावरच्या पोरांसाठी पिंप भरून बोटीने पाठवलं. तांदूळ, साबण, बूट. बुटांत मोजे, मोज्यांत पेन्सिली. तिच्या पिंपात हवेलासुद्धा जागा मिळत नाही.

मी चित्रकार. निदान माझ्या व्हिजिटिंग कार्डाचं तसं मत आहे. यंदा माझ्या इवल्याशा गॅलरीत मी खेळण्यांची संध्याकाळ ठेवली. प्रत्येकाने एक खेळणं आणायचं. साडेसहाला ट्रक येणार, नाताळाआधीची शेवटची बोट गाठायची. हेतू उदात्त होता. त्याच्या आडून दुसरा एक हेतू डोकावत होता: सात वाजता संग्रहालयाच्या एक बाई येणार होत्या, आणि त्यांनी 'विरह' बघावा म्हणून मी तीन महिने डोळे फोडले होते.

'विरह' म्हणजे चौथऱ्यावर ठेवलेलं निळं पिंप. बाहेरून कुठल्याही पिंपासारखं. आत मात्र परदेशी राबणाऱ्या आमच्या शेहेचाळीस आयाबायांचे मी रंगवलेले चेहरे. लोकांनी वाकून बघावं, अशी कल्पना. खेळण्यांसाठी आणलेलं पिंप मी मागच्या खोलीत ढकललं होतं. ते प्रदर्शनात बरं दिसत नव्हतं.

बर्फ आणायला म्हणून गेलो तो भेटेल त्याला 'विरह' समजावून सांगत दोन तासांनी परतलो. टँटी बूट काढून, दोघांच्या खांद्यांना धरून 'विरहा'त उभी होती आणि कापडी अस्वलं तुडवत होती.

"टँटी, हे काय चाललंय?"

"फुटबॉल बसवतेय. त्यातली हवा काढ जरा."

"अगं, ती कलाकृती आहे."

"कुठली?"

"तू उभी आहेस ती."

तिने खाली बघितलं. "तोंडं दिसली मला. म्हटलं, पोरांना गंमत म्हणून काढली असशील. उघडं पिंप भर खोलीत ठेवतोस, वर आमच्यातल्यांनी ते भरायचंही नाही, होय रे?"

एकशे बारा खेळणी आत गेली होती आणि ट्रक दारात उभा होता.

टँटी बाहेर आली, खुर्चीवर बसून बूट घालू लागली. "हे उपसून दुसरं भरायला दोन तास. ट्रक काही थांबायचा नाही. तू म्हणशील तसं, बाबा."

टँटी याआधी कधी 'तू म्हणशील तसं' म्हणाल्याचं माझ्या आठवणीत नाही. मी मनाशी म्हटलं, पोरांना खेळणी पुढच्या बोटीने, ईस्टरला मिळाली म्हणून काय बिघडलं? उपसायला हात घातला. काठाजवळ, एका अस्वलाच्या कानामागून, माझी आई माझ्याकडे बघत होती. अकरा वर्षं तिने इथून मला पिंपं पाठवली. एकही ईस्टरला पोचलं नव्हतं.

मी झाकण लावलं.

संग्रहालयाच्या बाई सव्वासातला आल्या. रिकामा चौथरा बघितला, आमचा नाताळाचा ब्लॅक केक दोनदा घेतला, आणि "कळवते" म्हणाल्या. अजून कळवताहेत.

जानेवारीत टँटी सांगत आली, बेटावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन होता. खेळणी वेळेवर पोचली. फक्त पिंपात नेहमीसारखं पावसाचं पाणी साठवता येत नाही, रंग सुटतो. पुढल्या वर्षी साधं पाठवा.

"मग फेकून दिलं?" मी शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

"छे. व्हरांड्यात ठेवलंय. पोरं वाकून आपापल्या आया-आज्या शोधतात. दोघांना सापडल्या. तिसरा आमचा नातू. तो म्हणतो, आजीचं नाक चुकलंय." तिने स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. "भरताना मलाही तेच वाटलं होतं. म्हटलं, जाऊ दे, झाकतंय अस्वलाखाली."