कट्यारीशी लगीन

कोरेगावाकडच्या चार गावांत लगीन निघालं की पहिला सांगावा राहीबाईला जायचा, मग वाजंत्र्यांना. मांडवाच्या मेढी रोवायच्या आत बाई हजर! आणि तोंड असं की नवरीच्या आईनंसुद्धा पदर सावरून बसावं. "पोरी, लग्नाच्या सकाळी भाकरी खाऊन घे. उपास धर म्हनून देव सांगत न्हाई, ह्या म्हाताऱ्या सांगत्यात. अंतरपाटाफुडं घेरी आली मंजी नाव तुझ्या बापाचं जाईल." जोडवी सैल घे, उभं राहून राहून बोटं सुजतात. नवं लुगडं आधी पाण्यातून काढ, नाहीतर कडक काठ पायात येऊन तोंडावर पडशील. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे, "सासरी पाय ठेवल्या ठेवल्या परसाकडची वाट नणंदंला इचारून घे. लाजलीस तर मरशील!" पोरी खिदळायच्या, पण ऐकायच्या. बाई अनुभवाचं बोलते, असं सगळ्यांनाच वाटायचं.

अनुभव कसला, डोंबलाचा! राहीबाईनं संसार एक दिवससुद्धा केला नव्हता. मागल्या लढाईत तिचा नेमलेला नवरा कोंडीबा पलटणीत होता. लग्न तोंडावर आलं आणि त्याची रजा रद्द झाली. मुहूर्त मोडायचा नाही म्हणून थोरामोठ्यांनी पाटावर त्याची कट्यार ठेवली आणि चौदा वर्षांच्या पोरीनं त्या लोखंडाला हार घातला. फौजेतल्या घरांत असं चालून जायचं. कोंडीबा बसऱ्याकडून परत आलाच नाही. मेल्याची तार नाही, जिता असल्याचं पत्र नाही. पत्ता लागत नाही, एवढंच पलटणीनं कळवलं.

बारा वर्षं उलटली तेव्हा भाऊबंद म्हणाले, आता मेला असं धरून पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊ, सुटंल बिचारी. राहीबाई दारात आडवी पडली. "माझ्या धन्याला जाळनारं तुमी कोन?" सासरच्यांनी मग तिला माहेरी आणून सोडलं. धाकटा भाऊ नाथाजी भला, त्यानं घरात घेतलं. तेव्हापासून ती तिथंच, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. त्या कुंकवामुळं हळदीत तिचा पहिला मान होता. ते नसतं तर तिला कुत्रं विचारत नव्हतं.

आणि आता दुसरी लढाई. नाथाजीची थोरली पोर बनू, राहीबाईच्याच मांडीवर वाढलेली. तिची सोयरीक जोतीरामशी झाली होती आणि जोतीराम होता ब्रह्मदेशात. त्याचीही रजा रद्द झाली. त्याची आई अंथरुणाला खिळलेली, घरात भाकरी थापायला बाई नाही. सासरच्यांनी सरळ निरोप धाडला, कट्यार पाठवतो, लगीन लावून घ्या.

राहीबाई तडक भावापुढं जाऊन उभी राहिली. "नाथा, पोरीला इहिरीत ढकल, पन ह्ये नगं."

"आक्का, खुळ्यावानी नगं बोलूस," नाथाजी म्हणाला. "तुझंच बघ की. तुझंबी कट्यारीशीच लागलं न्हवं? इतकी वर्सं झाली, कपाळ भरल्यालं हाय. चार गावच्या बाया पाया पडत्यात. तुझं काय वाईट झालं?"

काय वाईट झालं! अरे बाबा, जन्म गेला की तिचा! पण हे सांगायचं कुणाला? ती भावजयीपाशी गेली, भावकीतल्या म्हाताऱ्यांपाशी गेली, सोयऱ्यांच्या पाया पडून आली. जो तो तिच्या कपाळाकडं बोट दाखवायचा. तिचं कुंकूच तिला खोटं पाडत होतं.

लग्नाचा दिवस उजाडला, सकाळी हळद होती. लाल फडक्यात गुंडाळलेली कट्यार आली होती, देव्हाऱ्यापुढं ठेवली होती. बनू पाटावर बसली. बाया म्हणाल्या, "राहीबाई, लावा हळद." राहीबाईनं वाटी उचलली. पोरीचा बावरलेला चेहरा बघितला आणि वाटी खाली ठेवली. पदराच्या टोकानं तिनं कपाळ खसाखसा पुसलं, दोन्ही हात उखळावर आपटले. बांगड्यांच्या काचांचा सडा पडला.

"आयका गं बायांनो. माझं धनी मेलं. लय वर्सांमागंच मेलं. म्या रांडाव हाय! आता म्हना, कट्यारीची नवरी सवाशीण ऱ्हाती म्हनून!"

तिला कुणी काही कळवलं नव्हतं. कोंडीबाला तिनं आपल्या तोंडानं मारलं, त्या क्षणी, पोरीसाठी.

"अगं बया बया बया!" एकच कालवा झाला. भावजय धावली, तिनं बनूला ओढून आत नेलं. कुणीतरी हळदीची वाटी उकिरड्यावर रिकामी केली. नाथाजी बाहेरून आला, बहिणीचं कपाळ बघितलं आणि तिला दंडाला धरून गोठ्यात नेऊन सोडलं. राहीबाईच्या हाताला काचा रुतल्या होत्या, पण जिवाला जरा बरं वाटत होतं. आता तरी मोडेल, असं तिला वाटलं.

थोड्या वेळानं घरात जातं सुरू झालं. बाया दुसरी हळद दळत होत्या. हळद लावायला शेजारची रंगुबाई आली, मंगलाष्टकं ठरल्या वेळेला झाली. गोठ्यात बसून राहीबाईनं सगळी ऐकली.

वऱ्हाड निघायच्या वेळी बनू गुपचूप गोठ्यात आली. मळवट भरलेला, गळ्यात मंगळसूत्र. पोरगी शिव्या देईल, थुंकेल, असंच राहीबाईला वाटलं. तिनं मान खाली घातली.

बनू तिच्यासमोर शेणातच बसली. "आत्ती, म्या व्हय म्हनले ती तुझ्याकडं बघून. तू कोंडीबामामांची वाट बघतीस, तशी म्याबी त्येंची वाट बघीन म्हनलं. आन तू तर मामांना मारूनच टाकलंस." तिला हुंदका आवरेना. "आता म्या कशाच्या जिवावर वाट बघू गं?"