टेप चालू तर पंखा चालू

आपोआप होणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर काडीचा विश्वास नसलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला, आमचे अण्णा. सूर्य आपोआप उगवतो हेसुद्धा अण्णांनी अजून मनापासून मान्य केलेलं नाही. पहाटे गच्चीवर जाऊन तो उगवतोय की नाही हे ते स्वतः बघून येतात आणि मगच चहाला बसतात. टाकी भरली की मोटार आपली आपण बंद करणारं यंत्र त्यांच्या घरात बसवलं, तेव्हापासून टाकी भरेस्तोवर अण्णा त्या यंत्राशेजारी उभे असतात. "त्येचं ध्यान दुसरीकडं गेलं तर?" असा त्यांचा सवाल असतो. एकदा एका नातेवाइकाला बघायला आम्ही दोघं दवाखान्यात गेलो, तर तिथलं काचेचं दार आमच्या समोर आपोआप सरकलं. अण्णा दोन पावलं मागे आले. दार मिटलं. पुन्हा पुढे झाले, पुन्हा उघडलं. "मास्तर, ह्ये कुणाच्या सांगण्यावरनं उघडतंय?" त्यांनी मला विचारलं. मी शाळामास्तर, दारांचा जाणकार नव्हे. शेवटी मागच्या बाजूला हाताने ढकलायचं एक दार सापडलं, त्यातून आम्ही आत गेलो आणि भेटीची वेळ संपल्यामुळे त्याच दाराने बाहेर आलो.

अण्णांचा छोटा सहाचाकी ट्रक आहे. मूळचा रंग कोणता हे आता फक्त अण्णांनाच सांगता येतं आणि तेही दरवेळी वेगळा सांगतात. या गाडीवर त्यांचा जीव इतका, की तापात पडलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ते गाडी थांबेल तिथे बॉनेटवर तळहात ठेवतात. समोर तापमानाचा काटा आहे, पण काट्याचं ते ऐकत नाहीत. गाडी चालू म्हणजे टेप चालू, हा तिथला कायदा. टेप म्हणायचं एवढंच, आता त्यात पेनड्राइव्ह असतो. त्यावर कन्नड भजनं, मराठी भावगीतं आणि जुनी हिंदी गाणी एकाच पंगतीला बसलेली असतात. हा टेप फक्त एका कारणासाठी बंद होतो. रस्त्यात कुणाची अंत्ययात्रा दिसली किंवा ओळखीत कुणी गेल्याचं कळलं, की अण्णांचा डावा हात टेपच्या बटणावर जातो आणि मग कपाळाला लागतो. जाणारा माणूस कुठल्या जातीधर्माचा, कुठल्या गल्लीतला, याची चौकशी नाही. "गेलेल्या माणसाम्होरं गाणं वाजवायचं न्हाई," एवढंच ते म्हणतात. या एका सवयीपायी मी त्यांचे बाकीचे सगळे गुन्हे माफ केले आहेत.

तर गेल्या उन्हाळ्यात या ट्रकचा रेडिएटरचा पंखा मोडला. तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. त्याचा सुटा भाग कुठे मिळेना, आणि पंख्याशिवाय गाडी चौकाचौकात वाफा सोडू लागली. माझी मोठी मेव्हणी, म्हणजे अण्णांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणतो, ती आधीच या गाडीला कंटाळलेली. अण्णांचे गुडघे दुखतात, वय झालंय, गाडी विकून माणसाने घरी बसावं असं तिचं स्वच्छ मत. पण अण्णांनी कुठे तरी ऐकलं, की रेडिएटरला बॅटरीवर चालणारा पंखाही लावता येतो. ते एकदम तेजीत आले. "मास्तर, मला सांगा, जेवताना मानूस सोताच सोताला वारा घालत बसला तर जेवणार कवा? इंजिननं गाडी वढायची का पंखा फिरवायचा?" मला हे पटलं. अण्णांचं म्हणणं त्यांच्यासमोरून उठेपर्यंत नेहमीच पटतं.

पंखा बसला. वायरिंगला त्यांचे जुने दोस्त, गाड्यांची वायरिंग करणारे चाचा आले. चाचांनी पद्धतशीर सांगितलं, "अण्णा, सेन्सर लगाते की. इंजन गरम हुआ, पंखा अपनेआप चालू. थंडा हुआ, अपनेआप बंद." अपनेआप हा शब्द ऐकताच अण्णांनी दोन्ही हात वर केले. सेन्सर नको. पंखा कधी फिरायचा ते माणूस ठरवणार. मग चाचा म्हणाले की डॅशबोर्डच्या फळीला भोक पाडून बटण बसवू. पण फळीवर बरोबर त्या जागी ग्रामदैवत सिद्धेश्वरांचा फोटो, त्याच्या पायाशी ड्रिल कसं लावायचं? पंख्याला एक रिले लागतो. रिले म्हणजे एक छोटी डबी, तिला बारीक वायरीतून इशारा मिळाला की ती जाड वायरीतून पंख्याला करंट सोडते. हा इशारा कुठून घ्यायचा यावर बराच वेळ खल झाला आणि अण्णांनाच तोडगा सुचला. टेप चालू झाला की त्याच्या मागच्या एका वायरीत करंट येतो. तिथून घ्या! गाडी चालू म्हणजे टेप चालू, टेप चालू म्हणजे पंखा चालू. चाचांनी कपाळाला हात लावला, पण वायर जोडली.

आठ दिवस गाडी सोलापूरच्या उन्हात एमआयडीसी आणि मार्केट यार्ड करत राहिली आणि काटा जागचा हलला नाही. अण्णा गल्लीत ताठ चालू लागले. अक्काने मात्र अट घातली. मैंदर्गीला आमच्या सासुरवाडीच्या घराचं काम निघालं होतं, तिथे दारं-चौकटी पोचवायच्या होत्या. "म्या सोता संगं येनार," ती म्हणाली. "जाऊन येस्तोवर एकदा जरी तापली, तर गाडी इकायची. परत बोलायचं न्हाई." अण्णांनी मान हलवली. साक्षीला मला घेतलं.

निघालो तेव्हा टेपवर भजन लागलेलं, अण्णा ठेका धरत होते. शहर मागे पडलं आणि अक्काचा फोन वाजला. मैंदर्गीहून होता. तिच्या माहेरच्या घराशेजारचे आजोबा सकाळी गेले. नव्वदीच्या पुढचे होते, झोपेतच गेले. अण्णांचा डावा हात बटणावर गेला, मग कपाळाला लागला. आजोबांनी लहानपणी पेरू चोरताना पकडून वर दोन पेरू जास्तीचे कसे दिले होते, ते अक्का हळू आवाजात सांगत राहिली.

वळसंगच्या पुढे रस्त्यात एक ट्रेलर आडवा झालेला. गाड्यांची लांब रांग. वारा नाही, ऊन मी म्हणतंय, आमच्या पाठीवर सागवानी दारांचं ओझं, आणि पाहता पाहता काटा चढू लागला. अण्णांनी आधी पाहिलं नाही, मग पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी साक्षीदार असल्यामुळे मला खिडकीबाहेर बघणंही जमेना. काटा लाल पट्टीच्या कडेला टेकला. अण्णांचा चेहरा इतका लहान झाला, की मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे बघवेना. "झालं म्हणायचं," ते पुटपुटले आणि गाडी बाजूला घेऊ लागले. एवढी वर्षं ज्या गाडीवर हात ठेवला, ती आता दुसऱ्याच्या दारात उभी राहणार.

अक्का कान देऊन बसली होती.

"अवो, पंखा कुटं वाजतोय?" ती म्हणाली.

"आं?"

"घरनं निघताना घूंऽ करत हुता की. टेप बंद केला आन् त्यो बी बंद झाला. टेप लावा."

"आगं, मयताच्या घरी चाललोय. गाणं वाजवत जायचं का?"

"आवाज बारीक करून लावा की. गाणं ऐकू न्हाई आलं म्हंजे झालं. नुसता पंखा फिरंल."

अण्णांनी आवाजाची चकती आधी पार शून्यापर्यंत फिरवली, फोटोला नमस्कार केला आणि भीत भीत बटण दाबलं. पुढून घूंऽ असा आवाज आला. इतका गोड आवाज त्या टेपमधूनही मी कधी ऐकला नव्हता. आम्ही तिघं काट्याकडे बघत बसलो. तो थोडा वेळ अडला, मग मुकाट्याने खाली येऊ लागला. अण्णांनी इतका लांब श्वास सोडला, की त्या एका वाऱ्यावरही रेडिएटर थंड झाला असता.

आता प्रश्न अटीचा होता. अक्काने पंख्याचं सांगितलं नसतं तर गाडी गेली असती, आणि हे आम्हा तिघांनाही कळत होतं. रांग हलली तशी ती पदर सावरत म्हणाली, "गाडी कुटं तापली? तुमी टेप बंद केला हुता. आपोआपचा इस्वास न्हाई म्हनता, आन् तुमचा हात तेवडा आपोआप जातोय की बटनावर."

अण्णांनी आपल्या डाव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो कुणी त्यांच्या नकळत बसवून गेलं होतं. मैंदर्गीपर्यंत ते त्या हाताशी अबोला धरून होते. आवाज बंद ठेवून, पंखा घुमवत आम्ही गावात शिरलो आणि आजोबांच्या दारात उतरून हात जोडले. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी अण्णांनी चाचांना बोलावून निमूट सेन्सर बसवून घेतला. वायर जोडताना चाचांनी या वेळी कपाळाला हात लावला नाही, आणि तेच अण्णांना फार लागलं.

आता तो पंखा आपला आपण चालू होतो, आणि गाडी बंद केल्यावरही इंजिन निवेपर्यंत घुमत राहतो. संध्याकाळी गल्लीत गाडी लागते. अण्णा काही उतरत नाहीत. पंखा खरंच बंद होतोय ना हे बघत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहतात. परवा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. अक्का थापलेली भाकरी समोर ठेवून चुलीशी तशीच बसली होती. मी म्हटलं, "अण्णांची गाडी आली ना, टाक की तव्यावर." तिने बोट वर करून मला गप्प केलं. बाहेर घूंऽ चालू होतं. गुडघे आणखी दुखू लागलेत, ही गाडी फार दिवस राहायची नाही हे तिला माहीत आहे, आणि मला वाटतं अण्णांनाही. थोड्या वेळाने आवाज थांबला. मग तिने भाकरी तव्यावर टाकली.