कोऱ्या टॉवेलची हळद

फुलाबाईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. कुळगीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात मी स्वयंपाक करतो आणि ती कपडे धुते. माहेर कुंभारवाड्याकडचं, मान ताठ, देवासमोर वाकेल तेवढीच. नवरा कान्हू पाय मोडल्यापासून जंगलातल्या मजुरीला जात नाही, घर हिच्या धुण्यावर चालतं. पण त्या धाकाने ती कुणापुढे मवाळ बोलेल, तर शपथ.

तिचं एक ठरलेलं होतं. नवं कापड आलं की आधी त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट, मगच ते पाहुण्यांच्या खोलीत. घरी करते तेच इथे. पूर्वी ती हाताने धुऊन मागच्या अंगणात वाळत घालायची. कडक उन्हात ती हळद कधी उडून जायची, कुणाला कळतही नसे.

मग रोहन मॅनेजर म्हणून आला. रामनगरच्या व्यापाऱ्याचा मुलगा, कामाला चोख, पण पाहुण्यांना दोरीवरचं धुणं दिसता कामा नये, हा त्याचा हट्ट. दोऱ्या निघाल्या. धुवायचं मशीन आलं, वाळवायचंही आलं. पाठोपाठ नवे पांढरेशुभ्र टॉवेल आले. फुलाबाईने सगळ्यांना बोट लावलं आणि एकत्रच मशीनमध्ये कोंबले.

हळद भिते ती उन्हाला. मशीनला ती कशाला भिईल? कोपऱ्यातली हळद टॉवेलभर पसरली आणि जिथे साबण नीट निघाला नव्हता तिथे लाल झाली. बेंगळुरूच्या एका बाईंनी त्यातला एक टॉवेल उलगडला आणि रक्त, रक्त म्हणून रिसॉर्ट डोक्यावर घेतलं.

रोहनने फुलाबाईला माझ्या स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं. तिचे हात सोड्याने भेगाळलेले. हे रक्त त्याच भेगांचं, असं त्याने ठरवूनच टाकलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणाला. दुसरी कुणी मशीनवर ढकलून मोकळी झाली असती.

"रगत न्हाई त्ये," ती म्हणाली. "हळद हाय. मीच लावलीया."

मला तिचा असा राग आला! कुणी विचारलं होतं का? पण ती कुठली थांबायला. तिने ते टॉवेल पुन्हा धुतले आणि पाहुणे नाश्त्याला बसतात तिथल्या थेट समोरच्या कुंपणावर पसरले. रोहन आत न्या, आत न्या म्हणत राहिला. ही एकेक कोपरा ताणून बसवत होती. ऊन कलेपर्यंत डाग फिकट झाले आणि मग शोधूनही सापडेनात.

रोहन नरमला. नोकरी राहिली, मागची दोरी बांधायलाही तो तयार झाला. पण टेम्पोतून नव्या टॉवेलांचा दुसरा गठ्ठा आला होता. त्यावर हात ठेवून त्याने बजावलं, ह्यांना हळद लावायची नाही. लावलीत तर खरंच घरी बसा.

आता तरी गप्प बस, असं मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो. घरी कान्हू होता, चूल होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"सायेब, हळद न लावता कोरं कापड मढ्यावर घालत्यात," ती म्हणाली. "तुमच्या पावण्यांस्नी मी मढं म्हणणार न्हाई. बसवा घरी."

रोहनचा हात कॉलरकडे गेला. त्याच्या आईनेही त्याच्या प्रत्येक नव्या शर्टाला कॉलरच्या आत कुंकू लावलेलं असतं. ते शर्ट फुलाबाईच धुते, तिनेच मला दाखवलं होतं. आता मात्र ती त्यातलं अक्षर बोलली नाही.

शेवटी त्याने गठ्ठा तिच्याकडे सरकवला. जरासंच लावा, म्हणाला.

तिने नेहमीएवढंच लावलं.