सरांची सही

नर्सबाईंनी विद्यापीठात इतक्या खेपा घातल्या की शिपाईसुद्धा त्यांना पाहून तोंड फिरवायचा. अर्धवट सुटलेली पदवी त्यांना पुरी करायची होती. पण आधीची दोन वर्षं धरायला जुन्या कॉलेजचा शिक्का हवा, आणि ते कॉलेज तर कधीच बंद पडलेलं. शिक्का काय आभाळातून आणायचा? शेवटी कारकून विरघळला. "'यांना मी शिकवलं' असं तेव्हाच्या सरांनी लिहून दिलं तरी चालेल. पण उद्या शेवटची तारीख."

सरांच्या बायकोने दार उघडलं. "ये गं. पण त्यांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत."

नर्सबाई तरीही आत गेल्या. सरांनी त्यांच्या गणवेशाकडे पाहिलं आणि एकदम विचारलं, "हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त कुठे जातं?"

"फुफ्फुसात, सर."

"तिथून?"

"परत हृदयात, डाव्या बाजूला."

"शाबास! इतकं छान कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, सर!" नर्सबाईंनी घाईघाईने कागद पुढे केला, हातात पेन दिलं.

सरांनी कागद नीट वाचला आणि पेन मायेने परत दिलं.

"छे गं, दुसऱ्याचं श्रेय मी कशाला लाटू? ज्यांनी शिकवलं, त्यांचीच सही आण."